टाकायचं पाणी

आमच्या अण्णांची सुकेळी गिरीजपासून राजोडीपर्यंत गावोगाव नावाजलेली. राजेळी केळी सोलायची, उन्हात वाळवायची, रोज उलटायची आणि तयार झाली का ते एक तुकडा चाखून ठरवायचं. चाखायचा मान अण्णांचा. बोटाने दाबून बघा म्हटलं तर चिडायचे, "अगं, जीभ कशाला दिलीय देवाने?"

दोन हजार साली त्यांच्या दोन्ही किडन्या गेल्या. मंगळवारी आणि शुक्रवारी डायलिसिस सुरू झालं. डॉक्टरांनी अण्णांना, आईला आणि मला समोर बसवून सांगितलं, "केळं, सुकेळी, नारळपाणी बंद. भाज्या बारीक चिरून भरपूर पाण्यात उकळायच्या आणि ते पाणी ओतून टाकायचं, पोटॅशियम त्यात उतरतं. रक्तात पोटॅशियम वाढलं की हृदय थांबतं. आधी सांगून थांबत नाही."

"म्हणजे पोटॅश? आम्ही केळीला खत घालतो ते?" अण्णांनी विचारलं. डॉक्टर हसले. मला नाही हसू आलं. आमचं घरच केळीच्या वाडीत, दारात सुकेळीच्या चटया.

त्या दिवसापासून मी त्यांची पोलीस झाले. शाळेतून शिकवून आले की आधी त्यांचा हात धरून घड्याळ लावून नाडी मोजायची, मग चपला काढायच्या. चटईवरच्या सुकेळ्यांवरसुद्धा माझी नजर असायची. अण्णा म्हणायचे, "अक्षदा, तू माझी मुलगी आहेस की जेलर?" मी म्हणायचे, "जेलर. तोंड उघडा बघू." हसायचो दोघं, पण शुक्रवार गेला की मंगळवार येईपर्यंत माझा जीव टांगणीला लागलेला असायचा.

एका सोमवारी दुपारी अण्णा पायरीवरून उठेचनात. "पायात जोरच नाही गं," म्हणाले. मी नाडी धरली. एक ठोका, आणि मग मी वाट बघतेय, बघतेय. शेजारच्या सेबॅस्टियनने व्हॅन काढली. आई अनसूया मागे बसून त्यांचे तळवे चोळत होती. मी नाडीवरचं बोट काढलंच नाही, काढलं तर थांबेल असं वाटत होतं.

हॉस्पिटलात हृदयाचा आलेख काढला, धावपळ झाली. मला इंजेक्शनं आणायला खाली पिटाळलं. परत आले तेव्हा मशीन लावायची तयारी चालली होती आणि डॉक्टर विचारत होते, "काय खाल्लंत?"

अण्णांनी माझ्याकडे बघितलं, मग आईकडे.

"सुकेळी," ते म्हणाले. "चार."

मी वॉर्डभर ऐकू जाईल इतक्या मोठ्याने ओरडले. खोटारडे म्हणाले, हावरट म्हणाले. आईने तर पदर तोंडात कोंबला. "माझ्या कुंकवाशी खेळलात," एवढंच बोलली, आणि घरी आल्यावर त्यांच्याशी बोलायचीच बंद झाली. अण्णा फक्त म्हणाले, "भाजी आजपासून मी उकडणार. रिकामा बसून वेळ जात नाही." आई रागातच होती, तिने विळी त्यांच्यापुढे सरकवली.

पंधराएक दिवसांनी मी स्वयंपाकघरात गेले तर अण्णा दुधीचं पाणी मोरीत ओतत होते. पातेलं जड, त्यांना पेलत नव्हतं. मी पुढे झाले. "द्या, आई ओतेल की."

"नको." इतक्या घाईने म्हणाले की मी बघतच राहिले. मग त्यांनी दाराकडे बघून आवाज खाली केला. "ती ओतत नव्हती. सगळं सत्त्व त्यात असतं म्हणून माझ्या आमटीत घालायची. रोज. तू इंजेक्शनं आणायला गेलीस तेव्हा माझ्या कानाशी रडत म्हणाली, काहीच वाया जाऊ दिलं नाही हो, तरी असं कसं झालं."

मी विचारलं, "आणि सुकेळी?"

"चाखलीसुद्धा नाही."

"अण्णा, मी तुम्हाला सगळ्यांदेखत... आत्ता आईला सांगते."

त्यांनी माझं मनगट धरलं. "मी काही फार वर्षं काढणार नाही, तुलाही ठाऊक आहे. कधीही गेलो तरी ती म्हणेल, मीच मारलं. मला पाणी द्यायलाही घाबरेल. सुकेळी खाऊन गेला म्हणू दे. शिव्या घालील आणि जगेल."

मी रडले. माफी मागितली की नाही, आठवत नाही.

पुढच्या मंगळवारी अण्णा डायलिसिसहून आले ते गळून गेलेले, येताच झोपले. मी त्यांना पांघरूण घालत होते. इतक्या दिवसांनी आईचा राग निवळला होता. स्वयंपाकघरातून हाक आली, "अक्षदा, झोपू दे त्यांना. आज भाजी-आमटी मीच करते."

मी धावले. गॅसवर भोपळा उकळत होता, शेजारी डाळीचं पातेलं. आई आच मंद करून फडकं शोधत होती. मी उघड्या हातांनीच भोपळ्याचं पातेलं उचललं आणि सगळं पाणी मोरीत ओतून टाकलं.

"अगं, हात भाजले ना! वेड लागलंय का तुला?" आई ओरडली.

"हो," मी म्हटलं.