नांदता गड

जर्मनीतल्या आमच्या लुडविग्सहाफेनहून फ्रान्स इतकं जवळ, की आमच्या शेजारचे लोक रविवारी नुसता ताजा ब्रेड आणायलाही सीमेपलीकडे जात. पुण्याहून राहायला आलेल्या सासूबाईंना मात्र ते दाखवायचं राहिलंच होतं, आणि आता त्यांची परत जायची वेळ आली होती. त्या गेल्या की मीही घर सोडणार होते. मी आणि नवरा वेगळे होणार होतो. आईंना इथे काही कळू द्यायचं नाही, मागाहून फोनवर तो सांगेल, असं ठरलं होतं. संसारात कधी जमली नाही ती एकी या नाटकात मात्र छान जमली.

शेवटी एका रविवारी आम्ही तिघं निघालो. सीमेवर पासपोर्ट कुणी मागितलाच नाही म्हणून आई हिरमुसल्या. आधीपासून हातात काढून ठेवला होता त्यांनी. आम्ही गेलो ते जुनं गाव पार डोंगराच्या माथ्यावर, भोवती तट, आत चर्च, खिडक्यांत फुलं आणि वाळत घातलेले कपडे. गाडी खालीच ठेवावी लागली. चढताना आई दर वळणावर थांबत होत्या, पण हातातली पिशवी काही कुणाला देईनात.

वर पोचल्यावर म्हणाल्या, "आपले गड ओस पडले. यांनी बघ, कसा नांदता ठेवलाय."

नवऱ्याने घाईघाईने कॅमेरा काढला. मग आईंचे गुडघे बघून जर्मन थाटात म्हणाला, "आल्झो, गाडी वर आणता येते का विचारून येतो," आणि खाली गेला.

आम्ही दोघी तटाला टेकून बसलो. नवऱ्यावाचून राहता येईल, हे मी स्वतःला पटवून दिलं होतं. या बाईवाचून कसं राहायचं, हे मनातच आलं नव्हतं. माझी आई मी लहान असतानाच गेली. लग्नानंतर 'आई' म्हणायला मिळालं ते यांनाच. नवऱ्याशी काडीमोड घेता येतो, सासूशी कसा घेतात?

"ऊठ जरा. पूर्वेकडे तोंड कर," त्या म्हणाल्या.

पिशवीतून कुंकवाचा करंडा निघाला, डब्यात तांदूळ, एक खण, आणि चटणीला हवा म्हणून मलाच एशियन शॉपमधून आणायला लावलेला नारळ. जीन्सवर पदर कुठला? मी गळ्यातला स्कार्फ पसरला.

"आई, हे कशाला?"

"कामाच्या नावाखाली रोज हॉलमध्ये झोपतो तो. मला दिसत नाही का?" स्कार्फमध्ये तांदळाची ओंजळ पडली. "मी गेले की तू निघशील. लेकीला रिकाम्या ओटीने पाठवत नाहीत."

मला रडू आवरेना. थांब म्हणाल्या असत्या, चार शब्द सुनावले असते, तरी सोसलं असतं. भरली ओटी पोटाशी धरून मी त्यांच्या पाया पडले. डोक्यावर हात आला.

"अखंड..." सवयीने म्हणाल्या, आणि थांबल्या. हात तसाच होता.

मग म्हणाल्या, "वेळेवर जेवत जा गं."