जन्मदेशाचा रकाना

अमेरिकेत, कॅरी गावात आमच्या शेजारी नव्वदीची एक फिनिश बाई राहते. मनातल्या मनात मी तिला आजीच म्हणतो. गेल्या महिन्यात तिचं असिस्टेड लिव्हिंगमध्ये, म्हणजे म्हाताऱ्यांची देखभाल करणाऱ्या निवासात जायचं ठरलं, आणि ऑनलाइन फॉर्म भरायला तिनं मला बोलावलं. मी कॉम्प्युटरवर पोट भरणारा शहाणा! तिनं सांगितलेलं जन्मगाव नकाशावर शोधलं आणि देशाच्या रकान्यात बेधडक 'रशिया' निवडलं.

आजीनं स्क्रीन पाहिली. माझा हात माउसवरून उचलून बाजूला ठेवला.

"मी फिनलंडमध्ये जन्मले," ती म्हणाली. तेव्हा तो फिनलंडचा व्हीपुरी प्रांत होता. रशियाशी झालेल्या युद्धानंतर त्याचा मोठा भाग सोव्हिएत संघाला द्यावा लागला आणि माणसं गुरंढोरं घेऊन निघाली. पुढे फिनलंडनं तो परत घेतला, तेव्हा तिच्या आईनं जळक्या घरावर पुन्हा छप्पर घातलं. मग पुन्हा हार, पुन्हा गाड्या भरल्या. फिनलंडकडे उरलेल्या तुकड्याचं नाव बदललं, नंतर तेही नाव पुसलं गेलं. आता तर तिकडे तसे प्रांतच उरले नाहीत.

"दोनदा सोडलंत घर?" मी विचारलं.

"दोनदा. दुसऱ्यांदा बटाटे जमिनीतच राहिले."

मी मुकाट्यानं 'फिनलंड' निवडलं. तिचा चेहरा जरा सैल झाला.

"तुझं गाव कुठलं?" तिनं विचारलं.

इथल्या मराठी मंडळाच्या कार्यक्रमात कुणी काका हे विचारतात, तेव्हा त्यांना गाव नको असतं, जात हवी असते. आमची घरं गावाबाहेर होती. वडिलांनी ते गाव सोडलं ते कायमचंच. वीस वर्षं मी 'नागपूर' म्हणून सुटतोय, माझ्या मुलीलाही तेवढंच माहीत आहे. पण या बाईला जात कशाशी खातात हेही ठाऊक नव्हतं. मी गावाचं नाव सांगून टाकलं. माझं मलाच नवल वाटलं.

"अजून आहे ते?"

"आहे. जागच्या जागी."

"मग सोडलंत का? कुणाचं सैन्य आलं होतं?"

खोटं बोलवेना.

"सैन्य नाही आलं, आजी. गावातलेच होते."