नववं प्लगइन आणि मामाची खुर्ची

माझ्या मामाला सगळे खोकेमामा म्हणतात. वयानं त्याच्यापेक्षा मोठी माणसंही म्हणतात, त्यामुळे नात्याचा प्रश्न कधीच निकालात निघाला. पेशानं तो मोटार-वाइंडर. पाण्याच्या जळक्या मोटारी उघडायच्या, काळी पडलेली तार उपसून काढायची, नवी तांब्याची तार गुंडाळायची, हे त्याचं पोट. आणि वाद्यवृंदात कीबोर्ड वाजवणं ही त्याची खाज. पोट भरतं, खाज भागत नाही, हे मामीला लग्नाच्या दुसऱ्याच आठवड्यात कळलं. त्यावर तिनं पुढची तीस वर्षं एक शब्द वाया घालवला नाही. टोमणे मारले, पण ते वेगळं.

आता खोकं म्हणजे काय ते सांगतो, नाहीतर तुम्हाला वाटेल मामा सामानाची ने-आण करतो. कीबोर्डच्या नुसत्या पट्ट्या दाबून काही वाजत नाही, निदान मामाच्या तरी नाही. त्याचा आवाज खोक्यातून येतो. काळं, चपटं, पुढं दोन ओळींपुरता हिरवा उजेड आणि चार बटणं. आत संगणकच असतो, पण त्याला संगणक म्हटलेलं मामाला खपत नाही. वाद्य म्हणायचं. त्याच्यात प्लगइन भरायची. प्लगइन म्हणजे सॉफ्टवेअरचं वाद्य: लाकूड नाही, तार नाही, कातडं नाही, नुसती आकडेमोड. पण तिच्यातून बासरी निघते, व्हायोलिन निघतं, आणि कुणाला हवंच असेल तर जिन्यावरून घागर घरंगळल्याचा आवाजही निघतो.

मामाच्या खोक्यात अशी चौदा प्लगइन होती. त्यातल्या नवव्यात त्याचा जीव अडकलेला. अकरा वर्षं खपून त्यानं त्याच्यात त्रेचाळीस आवाज घडवले होते. घडवले म्हणजे कसे, तर दुकानात मोटार फिरवायची, बेअरिंग गेलेली कशी रडते, कॉइल जळायच्या आधी कशी गुरगुरते ते कान लावून ऐकायचं, आणि पट्ट्यांवर तेच उतरेपर्यंत बूड हलवायचं नाही. वाद्यवृंदाच्या ज्या गाण्याला लोक टाळ्या वाजवतात आणि मालक स्वतः वाकून त्या टाळ्या घेतो, त्या गाण्याच्या तळाशी एका जळक्या पंपाची गुरगुर आहे. मालकाला हे माहीत नाही. माहीत असतं तर त्यानं पंपालाही तालमीला उशीर केला म्हणून झापलं असतं.

तर असं सगळं बरं चाललं होतं. आणि बरं चाललेलं माणसाला बघवत नाही. एका सोमवारी प्लगइनवाल्या कंपनीचं पत्र मामाच्या मोबाईलवर येऊन पडलं. नवी आवृत्ती आली आहे, अधिक वेगवान, अधिक देखणी. आवाज देखणा कसा असतो हे कंपनीलाच ठाऊक. मी मामाला नंतर विचारलं, जुन्या आवृत्तीत काय वाईट होतं? म्हणाला, काही नाही. मग नवी घातलीस कशाला? तर म्हणाला, फुकट होती. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

नवी आवृत्ती आत गेली, खोकं चालू केलं. हिरव्या उजेडात अक्षरं उमटली: 'प्लगइन तपासत आहे, १४ पैकी ९.' मामानं चहा घेतला. नऊ. अंघोळ केली. नऊ. दुकानात एक अख्खी मोटार गुंडाळून जेवायला परत आला, तरी खोकं आपलं नऊवर, परीक्षेत एकाच गणितावर बसून राहिलेल्या पोरासारखं.

एरवी मामा आठ दिवस खटपट करत बसला असता. पण मालकाला नुकताच जावई मिळाला होता. जावईबापूंनाही कीबोर्ड येत होता, आणि त्यांचा सगळा कारभार लॅपटॉपवर. तीस वर्षं बसलेल्या माणसाला उठ कसं म्हणायचं, या विवंचनेत मालक वाळत चालला होता. मंगळवारच्या तालमीत खोकं सगळ्यांसमोर नऊवर रुतून बसलं आणि मालकाच्या चेहऱ्यावर तेज आलं. मोठ्या मायेनं तो मामाला म्हणाला, "शनिवारी चालू झालं तर बसा. नाही झालं तर जावईबापूंना बसवतो. वाईट वाटून घेऊ नका. खुर्ची काय, कुणाच्या बापाची नसते."

ती खुर्ची मालकाच्या बापाचीच होती. त्यांचं फर्निचरचं दुकान होतं.

बुधवारी मामानं खोक्याच्या कंपनीला कळवलं. त्यांचं उत्तर आलं: आमचं खोकं उत्तम आहे, आपलं प्लगइन आमच्या मान्य यादीत नाही. यादी बघितली तर त्यात नऊ वर्षांपूर्वीची वाद्यं. मग प्लगइनवाल्यांना कळवलं. ते म्हणाले, आमचं प्लगइन उत्तम आहे, आपलं खोकं आम्ही कधी पाहिलेलं नाही. जुनी आवृत्ती तरी परत द्या म्हटलं, तर ती म्हणे आता मिळत नाही. दोन्ही व्याही एकमेकांकडे बोट दाखवून मोकळे, आणि मधल्या मधे लग्न मोडलेलं.

सल्ले देणाऱ्यांचा तोटा नव्हता. ढोलकीवाला म्हणाला, केबल उलटी लावून बघा. मामानं बघितली. गायिकाबाई म्हणाल्या, थोडं गरम होऊ द्या, माझाही गळा सकाळी लागत नाही. जावईबापूंनी स्वतः फोन करून सांगितलं की ही खोकी आता कुणी वापरत नाही. ही मदत होती असं त्यांचं मत. नववं प्लगइन काढून टाकलं की खोकं सुरळीत चालू व्हायचं आणि बाकीची तेरा खणखणीत वाजायची. परत घातलं की नऊ. म्हणजे दुखणं कुठं आहे ते कळलं होतं, फक्त दुखतंय तोच अवयव जगायला लागत होता.

शुक्रवारी मी मामाकडे गेलो तेव्हा तो खोक्यासमोर मांडी घालून बसला होता. दुकान बंद. एवढ्यात मामी जेवायला आली. मामी एका कचेरीत अर्ज घ्यायच्या खिडकीवर बसते. सव्वीस वर्षं बसते आहे. लोकांच्या रागाची तिला इतकी सवय झालीय की घरी कुणी शांत बोललं तर तिला संशय येतो. तिनं ताट वाढून घेतलं आणि घास घेता घेता मामाला विचारलं की रोज नऊवरच अडतं की कधी आठवर, कधी दहावर. मामा म्हणाला, रोज नऊवर. गरम होतं का? नाही. पंखा फिरतो का? फिरतो.

मामी म्हणाली, "मग मेलेलं नाही ते. आमच्याकडे एकाच टेबलावर अडलेला कागद असतो ना, तो हरवलेला नसतो. कुणाच्या तरी सहीला थांबलेला असतो. ते कुणाला काय विचारतंय ते बघा आधी."

मामाला राग आला. त्यानं तिला समजावून सांगितलं की खोक्याला तोंड नाही, दोन ओळींचा उजेड आहे, ते विचारणार कसं? मामी म्हणाली, माझ्या कचेरीतला संगणक काही विचारायचं असलं की पडद्यावर पाटी काढतो. याला पडदा लागत नाही का?

मी खोकं फिरवून मागची बाजू बघितली. पडदा जोडायला तिथं एक भोक असायला हवं होतं. ते होतंही. पण त्यात मामानं खिडक्यांच्या काचेला लावतात ती लांबी भरली होती, बोटानं दाबून, वर गुळगुळीत करून. कारण विचारलं तर म्हणाला, खऱ्या वादकाला कान लागतात, डोळे नाही. पडदा जोडायची सोयच नको म्हणून बुजवून टाकलं. सात वर्षांपूर्वी. तेव्हा हे सगळ्या वाद्यवृंदाला अभिमानानं सांगितलंही होतं. मामीनं ताटातून मान वर केली नाही. एवढंच म्हणाली की तोंड यांनीच शिवलं आणि वर विचारतात बोलत का नाही.

जेवण झाल्यावर ती कामावर परत गेली नाही. दुपारची रजा टाकली. सव्वीस वर्षांत खिडकी सोडून ती अशी कधी थांबली नव्हती, पण याचा कुणी उल्लेख केला नाही. मी स्क्रू-ड्रायव्हरनं लांबी खरवडली. तासभर लागला, कारण मामाचं काम पक्कं असतं. पडदा म्हणून घरात एकच वस्तू होती, सासूबाईंचा टीव्ही. सासूबाई म्हणजे मामीची आई. त्यांची दुपारची मालिका चालू होती आणि तिच्यात कुणीतरी कुणाला तरी विष देण्याच्या बेतात होतं. त्यांनी सांगितलं की विष देऊन झाल्यावर टीव्ही मिळेल. आम्ही तिघं विष देईपर्यंत बसलो.

मग केबल लावली, खोकं चालू केलं. चौदापैकी नऊ. आणि टीव्हीवर, विषाच्या जागी, एक राखाडी चौकट उगवली. वर अटींचं लांबलचक पुराण आणि खाली दोन बटणं: 'मला मान्य आहे' आणि 'मान्य नाही'.

पाच दिवस बिचारं आतल्या आत एवढंच विचारत होतं, आणि उत्तर द्यायला कुणी नाही.

सासूबाई म्हणाल्या, "एवढं अडलं होतं तर जरा मोठ्यानं विचारायचं."

मी माउस जोडला. मामा 'मान्य आहे' दाबायला धावला, तर मामीनं त्याचा हात धरला. न वाचता सही करायची नाही, हा तिच्या खिडकीचा नियम. तिनं चष्मा लावून वाचायला घेतलं. चौथ्या पानावर थांबून आम्हाला ऐकवलं की हे उत्पादन कोणत्याही विशिष्ट कामासाठी उपयोगी पडेल अशी कंपनी हमी देत नाही. मामाकडे बघत म्हणाली, "माझ्या बापानं तुमच्याबद्दल हेच लिहून घ्यायला हवं होतं." मग स्वतःच बटण दाबलं. दहा, अकरा, बारा, तेरा, चौदा. मामानं पट्टीवर बोट ठेवलं आणि घरभर जळका पंप गुरगुरला. सासूबाईंनी सवयीनं स्वयंपाकघरातला नळ बघून घेतला.

शनिवारच्या तालमीत खोकं वाजलं. पहिलं गाणं संपलं तसा मालकाचा चेहरा सुतकी झाला. पण तो मुरलेला माणूस. म्हणाला, फार छान, आता एक करा, ते सगळे आवाज एका पेनड्राइव्हवर घालून जावईबापूंना द्या, म्हणजे पुन्हा अशी अडचण नको. वाद्यवृंदाचेच आवाज ते.

तीस वर्षं मामा त्या माणसाला फक्त हो म्हणत आला होता. भर उन्हात कोट घाला म्हटलं, घातला. दोन तास उभ्यानं वाजवा म्हटलं, वाजवलं. आणि आदल्या दिवसापर्यंत खुर्ची जाणार म्हणून त्याचं जेवण तुटलं होतं. सगळे त्याच्याकडे बघत होते.

मामा म्हणाला, "आवाज माझे आहेत. जावईबापूंना पाहिजे असतील तर त्यांनी दुकानात यावं. जळकी मोटार देतो, ऐकायला शिकवतो."

जावईबापू काही वाईट माणूस नव्हता. त्यानं खरंच विचारलं, किती दिवस लागतील?

"अकरा वर्षं."

ढोलकीवाल्याला खोकला आला. कार्यक्रम दुसऱ्याच दिवशी होता, तिकिटं खपली होती आणि टाळ्यांच्या गाण्याचा तळ खोक्यात होता, हे मालकानं मनातल्या मनात दोनदा पडताळून पाहिलं असावं. शेवटी तो भिंतीकडे बघून म्हणाला, चला, दुसरं गाणं घ्या.

जावईबापूंचं नाव हल्ली फलकावर 'ध्वनी-सल्लागार' म्हणून येतं आणि ते पहिल्या रांगेत बसतात. मालकानं त्या दिवसापासून मामाशी बोलणं टाकलं. काही सांगायचं झालं की ढोलकीवाल्याला म्हणतो, खोकेमामांना सांगा, जरा हळू वाजवा. मामा दोन हातांच्या अंतरावर बसलेला असतो. तोही ढोलकीवाल्यालाच सांगतो, त्यांना म्हणावं, जमणार नाही. ढोलकीवाला बिचारा मान इकडून तिकडे फिरवतो, मामा खुर्ची पुढं ओढून घेतो आणि आपल्याला हवं तेवढ्या जोरात वाजवतो.