घोडीच्या टेम्पोतल्या दोन सायकली

सायकल न्यायला गाडी लागते, हे मला लग्नानंतर अकरा वर्षांनी कळलं.

ही अक्कल ज्यांच्यामुळे आली ते माझे सासरे, नाना. धुळ्याचे निवृत्त पोस्टमन. सासूबाई गेल्यापासून देवपुरात एकटेच राहायचे. अठ्ठ्याऐंशी सालच्या फाल्गुनात न्हाणीघरात पाय घसरून पडले, ते शेजाऱ्यांनी दार उघडेपर्यंत दोन तास तिथेच पडून होते! ही बातमी जळगावला आली आणि माझ्या बायकोच्या, सुमनच्या, घशाखाली घास उतरेना. "नानांना इकडे आणा," हा एकच धोशा. वाईट मलाही वाटत होतं. पण नाना हलायला तयार नव्हते. शेवटी चैत्रात त्यांचं कार्ड आलं.

"येतो. माझ्या दोन्ही सायकली सोबत येतील. गाडीच्या आत येतील, टपावर नाही. उभ्या येतील, आडव्या नाही. दोरीने बांधायच्या नाहीत, रंग जातो. उंची सव्वासहा फूट धरावी."

सुमनने कार्ड तीनदा वाचलं आणि डोळे पुसले. "आले बाई एकदाचे कबूल!" मग माझ्याकडे वळून म्हणाली, "गाडी बघा. ह्या खेपेला जमलं नाही तर मीच धुळ्याला जाऊन राहते. पोरांचे डबे तुम्ही करा." (मला तोवर फक्त चहा करता येत होता. तोही कधी कधी.)

त्या दोन सायकलींपैकी एक नानांची स्वतःची, जिच्यावरून त्यांनी बत्तीस वर्षं टपाल वाटलं. दुसरी त्यांच्या वारलेल्या थोरल्या भावाची, दुधाचे कॅन लावायची, डबल दांडीची. दोन्ही चोवीस इंची, दोन्ही काळ्या कुळकुळीत. पण सव्वासहा फूट?

"अगं, ही सायकल आहे की उंट? नानांनी लांबी उंचीच्या जागी लिहिली असणार."

"माझ्या नानांनी बत्तीस वर्षांत एक पत्र चुकीच्या दारात टाकलं नाही. ते फूट चुकतील?"

मी शिंप्याकडून टेप मागून आणला आणि बाहेर पडलो.

पहिली पाहिली अॅम्बॅसिडर. मालकाने माझं सगळं शांतपणे ऐकून घेतलं. "साहेब, हिच्यात सायकल उभी करायची म्हणजे छत कापावं लागेल. कापू?" दुसरी मॅटाडोर. लांबी झकास, रुंदी झकास. उंची मोजायला आत शिरून उभा राहिलो तर डोकं आपटलं. मी पाच फूट चार इंच, आणि माझ्यासारख्याला टेंगूळ! तिसरा केळीचा ट्रक. त्याला उंचीची अडचणच नव्हती, कारण त्याला छतच नव्हतं; पण नानांनी 'आत' म्हटलं होतं, आणि आकाशाला आत म्हणता येत नाही, असं सुमनचं मत पडलं. आठ दिवस मी खिशात टेप घेऊन गावभर फिरलो. मी थांबलो की गाडीवाले गाडी चालू करायला लागले! घरी सुमन काही विचारायची नाही. ताटात भाकरी वाढताना नुसती बघायची. ते जास्त वाईट होतं.

शेवटी असोद्याचा गोकुळ भेटला. हा लग्नाच्या वरातीला घोडी पुरवायचा. तिला न्यायला त्याने जुन्या टेम्पोवर फळ्यांची उंच खोली उभी केली होती, वर ताडपत्री. मी टेप लावला. सात फूट! मला त्या टेम्पोच्या पाया पडावंसं वाटलं. आत लीद होती, कडब्याचा चुरा होता, गोमाश्या होत्या. पण उंची होती.

"घोडी कोनाले नेनी शे?" गोकुळने विचारलं.

"घोडी नाही. सायकली."

त्याने माझ्याकडे निरखून पाहिलं आणि भाडं आगाऊ मागितलं.

धुळ्याला नानांनी टेम्पोभोवती एक फेरी मारली, वास घेतला आणि मान हलवली. "गाडी चांगली शे." सायकली आत चढल्या, मागच्या स्टँडवर उभ्या राहिल्या. वर अख्खा रिकामा मजला उरला!

"नाना, ह्या तर साडेतीन फूटच आहेत!"

"सायकल तेवढीच शे."

"मग सव्वासहा कुठून आले?"

"वर मानूस बसी ना!" नाना म्हणाले. "दोरी बांधानी नही, आडवी करानी नही. मंग चालती गाडीमा सायकल धरी कोन? मी बसीसन मोजी. टोपीसकट."

आणि सत्तरीचे नाना धोतर सावरून आपल्या सायकलवर चढून बसले. टोपीवर बरोबर नऊ इंच जागा उरली.

"आणि दुसरीवर?" मी विचारलं. खरं तर विचारायला नको होतं.

नानांनी दुसऱ्या सायकलकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं.

मी त्या डबल दांडीच्या सायकलवर चढलो. पाय खाली टेकेनात. गोकुळने फळी लावली, टेम्पो हलला आणि पुढचं चाक आपोआप डावीकडे वळलं. मी फळीचा आधार घेतला.

"हात हँडलवर, जवाईबापू!"

धुळे ते जळगाव तीन तास मी सायकलवर बसून आलो, टेम्पोत! गोकुळने ब्रेक मारला की नाना ओरडायचे, "ब्रेक!" आणि मीही ब्रेक दाबायचो. खड्डा आला की नाना घंटी वाजवायचे. (कोणासाठी, ते विचारायची सोय नव्हती.) पेडल उलटं फिरून नडगीवर बसायचं. गोमाश्या घोडीला विसरून मला ओळखायला लागल्या होत्या.

पारोळ्याला गोकुळ चहाला उतरला. फळीवरून दोन-चार डोकी आत डोकावली.

"घोडी कोठे शे रे?"

"घोडी नही. दोन नवरदेव शेतस!"

नानांनी सायकलवरूनच सगळ्यांना रामराम केला. मी तोंड खाली घालून चेनकडे बघत बसलो.

एरंडोल सोडलं आणि माझ्या मांड्यांनी राजीनामा दिला. "नाना, मी जरा खाली बसतो."

"खाले? आनि ती आडवी पडनी तं?" नानांचा आवाज एकदम बारीक झाला. "भाऊ गया. तुमनी सासू गई. ह्या दोनच उभ्या शेतस."

मी उतरायला उचललेला पाय परत पेडलवर ठेवला. हँडल घट्ट धरलं.

जळगावला गोकुळने फळी खाली टाकली तेव्हा सुमन दारात उभी होती. आत बाप एका सायकलवर, नवरा दुसरीवर, दोघांच्या अंगावर कडबा. ती आधी रडली की हसली, ते मला अजून ठरवता आलेलं नाही. मला काही उतरता येईना. पाय कमानीसारखे आखडले होते. ती आणि गोकुळ, दोघांनी मिळून मला उचलून खाली ठेवलं. नानांनी मात्र टुणकन उतरून दोन्ही सायकलींवरून हात फिरवला. ओरखडा नव्हता.

"सुमन, जवाई पक्का शे," ते म्हणाले. "तीन तास सायकल हालू नही दिधी. मी आठेच ऱ्हासू."

नाना इथेच राहणार म्हटल्यावर सुमनने पदर डोळ्यांना लावला. त्या एका वाक्यासाठी मी आणखी तीन तास बसलो असतो. (आज असं वाटतं. तेव्हा फक्त बाम हवा होता.) तेवढ्यात नाना पुढे म्हणाले, "आनि भाऊनी सायकल आजपासून तुमनी. हापिसमा लई जात जा."

आता एक गोष्ट सांगणं भाग आहे. ती मी तेव्हा बोललो नाही, आणि नानांचा तो खुललेला चेहरा पाहिल्यावर पुढे कधी बोलायची छातीच झाली नाही.

मला सायकल चालवता येत नाही.

सहा वर्षं मी ती दुधाच्या कॅनची सायकल रोज सकाळी हाताने ढकलत ऑफिसला नेली आणि संध्याकाळी हाताने ढकलत घरी आणली. नुसता चालत गेलो असतो तर वेळेवर पोचलो असतो! सुमन तोंडाला पदर लावून आत पळायची. नाना मात्र ओट्यावर ताठ बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला थांबवून सांगायचे, "देखा, मना जवाई देखा! सायकलवर एवढा जीव, का तिन्हावर कधी भार नही टाकत!"