गुरुवारची सुटी

मुख्यालयाने कर्मचाऱ्यांचे समाधान मोजायचे ठरवले तेव्हा बालाघाटच्या कार्यालयात आम्ही सहा जण उरलो होतो. एका हिंदी दैनिकाचे जिल्हा कार्यालय. खाली पंपसेटचे दुकान, वर आम्ही. दोन वर्षांत चार जण सोडून गेले होते. मी कार्यालयप्रमुख होतो. माणसे का जातात हे मला वरून कोणी विचारले नव्हते आणि मीही कधी आपणहून कळवले नव्हते.

व्हिडिओ कॉलवर मनुष्यबळ विभागाचा एक तरुण अधिकारी दिसला. "सर, हम चाहते हैं कि लोग यहाँ से रिटायर हों, रिज़ाइन न करें," तो म्हणाला. वाक्य चांगले होते, मी टिपून घेतले. नोकरीत टिकून राहावेसे वाटायला काय हवे, ते प्रत्येकाने आपल्या शब्दांत लिहायचे होते. त्या सगळ्यांचे मिळून एक पान करून मी पाठवायचे होते. एकच पान, हे त्याने दोनदा सांगितले.

मजकूर टाइप करून संगणकावर अंकाची पाने लावणारी ऑपरेटर आमच्याकडे अकरा वर्षे होती. मूळची जवळच्याच लामत्याची, आजोळ भंडाऱ्याकडचे. आत आलेला प्रत्येक मजकूर तिच्या हातून जाई. मी हाताने लिहितो, प्रेसनोटांच्या पाठकोऱ्या बाजूवर. माझे अक्षर फक्त तिलाच लागे. दुसऱ्या वर्तमानपत्राने तिला दोनदा बोलावले होते. ती गेली नव्हती. का गेली नाही, हेही मी विचारले नव्हते.

तिचा नवरा उकव्याच्या मँगनीज खाणीत कामाला होता. तो तिकडे खोली करून राही. ती सहा वर्षांच्या मुलीला घेऊन बालाघाटला भाड्याच्या घरात. खाणीत त्याची सुटी गुरुवारी असे, ती बदलत नसे. गुरुवारी सकाळच्या बसने तो उतरायचा आणि संध्याकाळच्या बसने परत जायचा. त्या दिवशी तिलाही सुटी असली तर तिघे एकत्र जेवत. नसली तर तो स्वयंपाक करायचा, मुलीला शाळेतून आणायचा, तिचा अभ्यास घ्यायचा आणि शेजारच्या बाईकडे किल्ली देऊन निघायचा. ती घरी पोचेपर्यंत त्याची बस घाटात असायची.

आमच्याकडे सुट्या मी ठरवत असे, आठवड्याच्या आठवड्याला, वहीत. महिन्यातले दोन गुरुवार मी तिला देत होतो. कधी तीन. त्याबद्दल आमच्यात कधी बोलणे झाले नव्हते.

कागद भरायच्या दिवशी ती बराच वेळ लिहीत होती. समोर बसणाऱ्या वार्ताहराने आपल्या कागदावर दोन ओळी लिहून पेन खिशाला लावले होते.

"बाई, दोन्ही बाजूनं लिवलं?" तो म्हणाला. "हेडऑफिसवाले एकच बाजू वाचतेत."

"तुमची बातमी तं एका बाजूनंही कोनी वाचत नाही, भाऊ," ती मान वर न करता म्हणाली.

सगळे हसले. वार्ताहर सर्वांत जास्त हसला.

तिचा कागद अर्धा हिंदीत होता, अर्धा आमच्या मराठी बोलीत. मजकूर असा होता: 'मले पगाराचं काही म्हननं नाही. मले गुरुवारची सुटी पक्की पाहिजे. वर्षभर, दर गुरुवारी. बदल्यात दिवाळीले काम करीन, पंधरा ऑगस्टले करीन.' पुढे मुलीविषयी होते. शाळेत घराचे चित्र काढायला सांगितले होते. मुलीने घर काढले, दारात आई काढली, रस्त्यावर बस काढली आणि बापाला बसच्या खिडकीत बसवले. वर्गातल्या बाईंनी विचारले, पप्पा घरात का नाहीत? मुलगी म्हणाली, ते अजून येऊनच राह्यले.

मी तो भाग सर्वांत आधी कापला.

हे ठरवून, विचार करून केले, म्हणून नोंदवतो. माझ्या पहिल्या संपादकांनी शिकवले होते की एकाच माणसाची अडचण ही अर्ज असते. तीच दहा जणांची म्हणून मांडता आली तर बातमी होते. नाव काढा, घरचे काढा, विशेषणे काढा, उरते ते छापा. तीस वर्षे मी तेच करत आलो होतो. एका बाईला गुरुवार हवा, असे लिहिले तर मुख्यालय तो कागद बाजूला ठेवील, असे मला वाटले. मागणी सर्वांची केली तर तिला वजन येईल. मी लिहिले: 'साप्ताहिक सुट्यांचे वाटप सर्व कर्मचाऱ्यांत समान व पारदर्शक पद्धतीने व्हावे.' पाच मुद्द्यांत ते पहिल्या क्रमांकावर ठेवले. संपूर्ण पानात तेच वाक्य मला सर्वांत चांगले वाटले होते.

पान नेहमीप्रमाणे तिच्याकडे टाइप करायला दिले. तिने टाइप केले, माझी एक मात्रा दुरुस्त केली, प्रिंट काढून टेबलावर ठेवली. मी सही केली.

सहा आठवड्यांनी खोके आले. त्यात सहा चहाचे कप होते, प्रत्येकावर आमचे नाव. भिंतीला लावायचे एक पोस्टर होते, त्यावर हसणारी माणसे. आणि एक पत्र होते. सुट्यांबाबत बालाघाट कार्यालयाने केलेल्या मौलिक सूचनेबद्दल आभार मानून, ती सूचना सर्व शाखांत लागू करत असल्याचे त्यात कळवले होते. यापुढे सुट्या संगणक ठरवणार होता. प्रत्येकाचा सुटीचा वार दर महिन्याला एकाने पुढे सरकेल. आपसात बदल चालणार नाही; हजेरीचे यंत्र ते गैरहजेरी धरील. शाखाप्रमुखांवरचा भार त्यामुळे कमी होईल, असेही लिहिले होते.

तक्ता भिंतीवर लागला. ती त्याच्यापुढे उभी राहिली. त्या महिन्यात तिला सोमवार होता.

"तीन महिन्यानं गुरुवार येते," ती बोटांवर मोजून म्हणाली. "एक महिनाच. मंग सात महिन्यानं."



मी त्या अधिकाऱ्याला फोन केला. एका कर्मचारी बाईंची अडचण आहे, त्यांना फक्त गुरुवार हवा आहे, बाकी पाच जणांची हरकत नाही, असे सांगितले.

"सर, एक को देंगे तो सब माँगेंगे," तो म्हणाला. आवाजात अधीरता नव्हती. "और सुझाव तो आप ही का था. सबको बराबर."

"वह एक व्यक्ति की ज़रूरत थी."

"आपकी शीट मेरे सामने है, सर. इसमें ऐसा कुछ नहीं है."

त्याचे बरोबर होते.

पुढचे दोन महिने पाने वेळेवर गेली. गुरुवारी दुपारी तिचा फोन एकदा वाजायचा. ती मागच्या गॅलरीत जाऊन मुलीशी आणि नवऱ्याशी बोलायची आणि परत येऊन बसायची. महिन्याच्या एक तारखेला, नव्या योजनेप्रमाणे, ज्यांचा वाढदिवस असेल त्यांच्यासाठी केक येऊ लागला. दुसऱ्या महिन्यात तो तिच्यासाठी होता. तिने कापला, सगळ्यांना दिला, आपला तुकडा मुलीसाठी कागदात बांधून घेतला.

तिसऱ्या महिन्यात तिने राजीनामा दिला; उकव्याला नवऱ्याकडे राहायला जात असल्याचे त्यात लिहिले होते. सकाळची वेळ होती, बाकी कोणी आले नव्हते.

"पुढच्याच महिन्यात गुरुवार येणार होता," मी म्हणालो.

"हौ सर. एक महिना."

"उकव्यात काम काय करणार?"

"काई नाही. तिथं पानं कोन लावते? पोरीची शाळा पाहून ठेवली." मग म्हणाली, "शिलाई येते मले."

मी तिला सांगायचे ठरवले. म्हणालो, "तुम्ही जे लिहिलं होतं ते मी तसं पाठवलं नाही."

तिने माझ्याकडे पाहिले. त्या पाहण्यात राग असता तर बरे झाले असते.

"सर, ते पान मीच टाइप केलतं."

"मग तेव्हाच बोलल्या काहून नाही?"

"तुमी पास केलेल्या कॉपीवर मी कधी बोलली का?" ती म्हणाली. "अकरा वर्षांत मात्रेशिवाय कशाले हात नाही लावला. मले वाटलं, सरले जास्त समजते. बायकोपोराचं लिवलं की कोनी घेत नाही, हे तुमीच तं शिकवलं."

मी राजीनाम्यावर तारीख टाकून घेतली.

महिनाअखेरीला ती गेली. तिच्या जागी सिवनीकडचा एक जण आला, त्याला माझे अक्षर लागेना, तो चार महिन्यांत गेला. त्यानंतर जागा भरली नाही. आता पाने मुख्यालयात लागतात. चार वाजता मजकूर पाठवतो. तिकडे कोण घेतो ते माहीत नाही. माझा मजकूर कापला गेला तर दुसऱ्या दिवशी छापील अंकात कळते. मीही त्याबद्दल बोलत नाही.

ती गेल्यानंतर मी मुख्यालयाला एक पत्र लिहिले होते. त्यात सगळे घातले: खाण, बस, शेजारणीकडची किल्ली, मुलीचे चित्र. दोन पाने झाली. एक शब्द काढला नाही. आठ दिवसांत उत्तर आले. संबंधित कर्मचारी आता सेवेत नसल्यामुळे प्रकरण बंद करण्यात येत आहे. आपल्या संवेदनशीलतेबद्दल आभार.

बैहरला मी महिन्यातून एकदा कामासाठी जातो. वाटेत उकव्याला बस दहा मिनिटे थांबते. लोक चहाला उतरतात, काही खाणीच्या वस्तीकडे चालत जातात. मी खिडकीशी बसून राहतो. ती कुठे राहते ते वार्ताहराने मला सांगितलेले आहे. फार लांब नाही.