न विचारता तोडलेली जास्वंद

कात्रपच्या आमच्या बिल्डिंगच्या फाटकाजवळची जास्वंद मी लावली आहे, हे मी कोणालाही सांगते. समोरच्याला ऐकायचं नसलं तरी सांगते. लाल, पाच पाकळ्यांची, गावठी. शहाडला माहेरी आईने लावलेल्या झाडाची, पेन्सिलीएवढी जाड काडी ओल्या फडक्यात गुंडाळून आणली होती. तिरपी कापायची, खालची पानं काढायची, दोन डोळे मातीत जातील एवढी खोचायची आणि मूळ फुटलं का ते बघायला रोज उपटायची नाही. एवढं सोपं असूनही बिल्डिंगमधल्या बाकीच्यांची नर्सरीतून आणलेली हायब्रीड झाडं वाळली. माझी पहिल्या मजल्याच्या खिडकीला टेकली. तिची फुलं नि पानं खोबरेल तेलात कढवून मी केसांना लावते आणि या वयातही वेणी जाडजूड आहे, हेही सांगून टाकते.

आम्ही बौद्ध. घरी गणपती बसत नाही, पण बिल्डिंगमधल्या प्रत्येक गणपतीच्या डोक्यावर फूल आमच्याच झाडाचं. याचा मला तोरा होता. राग यायचा तो तळमजल्यावरच्या काकूंचा. पहाटे छत्रीच्या मुठीने फांदी खाली ओढायच्या नि परडी भरून न्यायच्या. कधी एका शब्दाने विचारलं नाही. तशा बोलायला गोड. संक्रांतीला तिळगूळ द्यायच्या, पण जिन्यातच, हातावर. आम्ही राहायला आल्यापासून त्यांनी आमचा उंबरा ओलांडला नव्हता. का, ते मला माहीत होतं नि त्यांनाही. आमचं फूल चालत होतं, घर चालत नव्हतं.

यंदा श्रावणात झाडावर कापसासारखी पांढरी कीड पडली. साबणाचं पाणी झालं, कडुनिंबाचं तेल झालं, जुन्या टूथब्रशने फांद्या घासून झाल्या. हटेना. भर पावसात छाटू नये म्हणतात, पण शेवटी गुडघ्याएवढं ठेवून मी सगळं झाड उतरवलं.

"अहो बाई, गणपती तोंडावर आलेत. लोक बोंबलतील," नवरा म्हणाला.

"बोंबलू देत. झाड जगलं पाहिजे."

झाड वाचवायचं होतं, खरंच. पण आमच्या किचनच्या बाल्कनीत त्याच जास्वंदीची एक कुंडी होती आणि ती फुलांनी लगडलेली खालूनही दिसायची. आता फूल हवं असेल तर बेल वाजवावी लागणार होती. काकू वाजवतात का, ते मला बघायचं होतं.

चतुर्थीला सकाळी बेल वाजली. दारात काकू, सोवळ्यातल्या, हातात परडी.

"फुलं हवी होती गं. बाजारातली सगळी मलूल निघाली."

मी तोडून आणून देऊ शकले असते. तेवढा चांगुलपणा माझ्या अंगात नाही.

"बाल्कनीत आहेत, काकू. हवी तेवढी तुमच्या हाताने तोडा. किचनमधून जावं लागेल."

काकूंनी एकदा जिन्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. ओट्यावर सुकटीचा डबा उघडा होता. मी तो झाकला नाही. मानही खाली घातली नाही. त्यांनी चपला बाहेर काढल्या, पदर सावरला नि आत आल्या. हॉलमधून, बुद्धमूर्तीसमोरून, किचनमधून थेट कुंडीपाशी. सावकाश फुलं तोडली.

परत येताना त्या ओट्यापाशी थांबल्या. मला वाटलं, डब्याबद्दल काहीतरी बोलणार. मीही उत्तर तयार ठेवलं.

"अर्धा कप चहा टाकतेस का?" त्या म्हणाल्या. "गुरुजी यायला वेळ आहे अजून."

मी पूर्ण कप टाकला. पाहुण्यांसाठी ठेवलेला सेट वर कपाटात होता, त्याला हात लावला नाही. आमच्या रोजच्या कपातून दिला. काकूंनी तो तिथेच, ओट्याला टेकून, शेवटच्या घोटापर्यंत प्यायला.