मंदार नावाचा तक्ता

माझा धाकटा भाऊ मंदार गेल्याचा फोन त्याच्या ऑफिसमधल्या प्रसादने केला. आई आणि मंदार डोंबिवलीत ज्या बिल्डिंगमध्ये राहायचे, तिथेच प्रसाद राहतो. छातीत दुखायला लागल्यावर मंदारला हॉस्पिटलात त्यानेच नेलं होतं. "ताई, मंदार गेला..." एवढं बोलून तो रडायला लागला. मी ठाण्याला, शाळेच्या स्टाफरूममध्ये उभी होते. मग आवाज खाली करून तो म्हणाला, "ताई, सॉरी, पण लॅपटॉप घरीच आहे ना? साहेब विचारतायत." प्रसादवर माझा राग नाही. त्याला विचारायला लावणाऱ्यावर आहे. इतके आठवडे उलटले तरी तो कमी झालेला नाही, आणि व्हावा असं मला वाटतही नाही.

मंदार नक्की काय करायचा, हे आमच्या नातेवाइकांना शेवटपर्यंत कळलं नाही. लग्नकार्यात कोणीतरी विचारायचंच, "गाड्यांचं काहीतरी ना? म्हणजे गॅरेज?" तो हसून हो म्हणायचा. मला मात्र त्याने एकदा नीट समजावलं होतं. हल्लीच्या गाडीत इंजिनासाठी एक छोटा कॉम्प्युटर असतो. पेट्रोल किती सोडायचं, ठिणगी कधी पाडायची, हे तो आत साठवलेल्या आकड्यांच्या तक्त्यांवरून ठरवतो. असे ढिगाने तक्ते, आणि एकावरही नाव नाही. गाडी बनवणारे ते बाहेर कशाला सांगतील? त्या आकड्यांच्या रानातून तक्ता हुडकायचा आणि तो कशाचा आहे ते ओळखायचं, हे मंदारचं काम. "हे बघ ताई, इथे आकडे कसे बेताबेताने चढतायत. असं उगाच होत नाही. कोणीतरी डोकं लावून लिहिलंय हे." त्या कधी न पाहिलेल्या माणसाबद्दल त्याला फार आदर होता. मंदारने नावं लावलेल्या फाइली त्याची कंपनी गॅरेजवाल्यांना विकायची. फाइलीवर नाव अर्थातच कंपनीचं.

माझी गाडी नवी असल्यापासून तिला एक खोड होती. दुसऱ्या गिअरमध्ये, हळू चढ चढताना, ती मध्येच अडखळायची. सर्व्हिस सेंटरवाले म्हणाले, "या मॉडेलला असंच असतं मॅडम." हे वाक्य मंदारला स्वतःचा अपमान वाटलं. मग कितीतरी रविवार आम्ही ठाकुर्लीच्या पुलावर घालवले. मी गाडी चालवायची, तो शेजारी मांडीवर लॅपटॉप घेऊन, स्टिअरिंगखालून एक वायर त्याच्याकडे गेलेली. इंजिन त्या क्षणी तक्त्यातला जो आकडा वाचत असेल तो पडद्यावर उजळायचा. मंदार एक आकडा बदलायचा, आम्ही पुन्हा पूल चढायचो. गाडी अडखळली की ॲक्सिलरेटरवरचा माझा पाय आपोआप दाबला जायचा आणि तो ओरडायचा, "पाय तसाच ठेव, ताई! तू दाबलंस की ते पळून जातं."

"अरे, मागचा हॉर्न मारतोय!"

"मारू दे. त्याला कुठे काय शोधायचंय?"

त्यातल्या एका तक्त्याने त्याला फार छळलं. काहीही बदला, गाडीवर ढिम्म परिणाम नाही. शेवटी वैतागून त्याने त्या तक्त्याला स्वतःचंच नाव दिलं. "घरात असतो, पण करतो काय ते कोणालाच माहीत नाही," असं म्हणून तो एवढा हसला, की मलाही हसू आलं. आणि खोडीच्या मुळाशी नेमका तोच तक्ता निघाला. चढावर, हळू वेगात, पाय अगदी स्थिर असेल तरच तो कामाला लागायचा. माझा पाय स्थिर राहायला शिकेपर्यंत तो दिसणार कसा? मंदारने त्यातले थोडे आकडे बदलले आणि गाडी लोण्यासारखी पूल चढली. त्याने मला पुन्हा पुन्हा पूल चढायला लावला आणि मग उसाचा रस पाजला. तक्त्याचं नाव मात्र त्याने बदललं नाही.

तेराव्याच्या आधीच साहेब घरी आले. "मंदार आमच्या फॅमिलीतलाच होता," म्हणाले. आईने त्यांना चहा दिला, लॅपटॉप पदराने पुसून हातात ठेवला. पुढे मी फोन करून निदान माझ्या गाडीच्या फाइलीची कॉपी मागितली, तर साहेब म्हणाले, "तो कंपनीचा डेटा आहे मॅडम. आणि मशीन फॉरमॅट करून नवीन माणसाला दिलं आम्ही." काही दिवसांनी प्रसादने मला त्यांची जाहिरात पाठवली. माझ्याच मॉडेलच्या अडखळण्यावर उपाय, 'आमच्या टीमचं संशोधन'. त्यात मंदार नावाच्या तक्त्याला आता भारदस्त इंग्रजी नाव होतं. मी मनाला समजावलं, असू दे, त्याच्या हातचं माझ्या गाडीत तरी आहे.

मग गाडीची नेहमीची सर्व्हिसिंग आली. कल्याणच्या सेंटरमधला मुलगा चावी देताना खुशीत म्हणाला, "मॅडम, नवीन सॉफ्टवेअर आलेलं, तेपण टाकून दिलंय. फ्री आहे."

"आणि आधीचं?"

"आधीचं राहत नाही मॅडम. वरून लिहिलं की गेलं."

भांडायचं तरी कोणाशी? त्याने त्याचं काम केलं होतं. मी सही केली आणि बाहेर येऊन गाडीत नुसती बसून राहिले. खोड घालवायची तर आता साहेबांची फाइल विकत घ्यावी लागेल. ती मी मेले तरी घेणार नाही.

गेल्या रविवारी आईला घेऊन निघाले होते. ठाकुर्लीच्या पुलावर गाडी अडखळली. आई दचकली. "अगं, हे मंदारने नीट केलं होतं ना?"

मागून हॉर्न सुरू झाला. जरा जोरात दाबलं असतं तर गाडी सुटली असती. कोणीही तेच केलं असतं. शेजारच्या सीटवर, आईच्या मांडीवर डब्याची पिशवी होती. बघायला, ओरडायला कोणी नव्हतं. गाडी पुन्हा अडखळली... मी पाय तसाच ठेवला.